सवड कुणाला होती? राजशेखराचा कवी, जात्यावरची ओवी आणि आपण

‘पीएच.डी.ला लागल्यापासून कविता सुटली’, ‘कथा अर्धीच पडलीय’ असं सांगणारे मित्रमैत्रिणी सारखे भेटतात. कुणी पेटची तयारी करतंय, कुणाचं कोर्सवर्क चालू आहे, बरेच जण तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजांत शिकवतायत. प्रश्न एकच असतो. संशोधन, नोकरी आणि घर यांतून लिहायला वेळ काढायचा कसा आणि सुचायचं कसं? ‘पहाटे पाचला उठा, रोज एक पान लिहा’ छापाचे सल्ले यावर भरपूर मिळतात. ते वाईट नाहीत. पण त्यांच्यामागे एक गृहीतक आहे आणि आज मला त्याचीच जरा झाडाझडती घ्यायची आहे. गृहीतक असं की काम एकीकडे असतं आणि लेखन दुसरीकडे. कामातून तुकडा वाचवायचा आणि तो लेखनाला द्यायचा. म्हणजे वेळ हा बँकेतल्या पैशासारखा, आधी शिल्लक टाका, मग खर्च करा.

सोलापूर जिल्ह्यात राहून हे गृहीतक मान्य करणं अवघड आहे. पंढरपुरात दळण-कांडण करणारी जनाबाई इथलीच. माढा तालुक्यातल्या अरणचा सावता माळी इथलाच, त्याच्या अभंगांत मळा आणि भाजीपाला हेच भक्तीचे शब्द होतात. यांनी सवड काढून लिहिलं असं म्हणायला काहीच पुरावा नाही. मग यांच्या रचनेला वेळेच्या हिशेबात बसवायचं कुठे? ‘प्रेरणा’ या विषयावर कुणी सिनॉप्सिस करत असेल तर हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण ‘संतांना सुचायचं’ एवढं लिहून भागत नाही.

आधी आपल्या काव्यशास्त्राकडे बघूया. नेट-सेटला आपण काव्यहेतू पाठ करतो: मम्मटाच्या मते शक्ती, निपुणता आणि अभ्यास. प्रतिभा जन्मजात की कमावलेली यावर शेकडो पानं आहेत. वेळेबद्दल मात्र जवळजवळ शांतता. एक अपवाद मात्र मोठा मजेशीर आहे: राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. दहाव्या शतकाच्या आसपासचा हा ग्रंथ. १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजचा पहिला ग्रंथ म्हणून तो छापला गेला. त्याचा दहावा अध्याय कविचर्येवर आहे. कवीनं दिवस कसा घालवावा याचं चक्क वेळापत्रक! दिवसाचे चार प्रहर आणि रात्रीचे चार. सकाळी विद्यांचा अभ्यास, दुसऱ्या प्रहरी रचना, जेवणानंतर काव्यगोष्टी, चौथ्या प्रहरी सकाळी लिहिलेल्याची तपासणी, रात्री पक्की प्रत. मग दोन प्रहर झोप आणि पहाटे जाग. घर कसं असावं, बाग कशी असावी, नोकरांनी कोणती भाषा बोलावी, लेखनिकाचं अक्षर कसं असावं, हेही दिलंय.

मी हा अध्याय पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं. आजची ‘प्रॉडक्टिव्हिटी’ची पुस्तकं याच साच्यातली आहेत, फक्त नोकरचाकर गाळलेले. पण जरा पुढे वाचा. कवी वेळ कसा वापरतो यावरून राजशेखर त्यांचे चार प्रकार करतो. असूर्यंपश्य: जगापासून दूर, आतल्या खोलीत बसून अखंड लिहिणारा, ज्याला सूर्यही दिसत नाही. निषण्ण: लिहायला बसतो, पण तेवढा चिकटून नाही. दत्तावसर: सेवा-चाकरी सांभाळून, तिला धक्का न लावता लिहिणारा. आणि प्रायोजनिक: काही निमित्त आलं की त्यासाठी लिहिणारा. दत्तावसराला कोणत्या वेळा मिळतात हेही तो सांगतो. रात्रीचा शेवटचा प्रहर, जेवणानंतरची स्वस्थता, प्रवासातला वेळ वगैरे. केगाव कॅम्पसला जाणाऱ्या बसमध्ये मोबाईलवर ओळी टाइप करणारा आपला मित्र हजार वर्षांपूर्वीच नोंदला गेलाय म्हणायचा.

इथपर्यंत राजशेखर आपला माणूस वाटतो. त्याचं आणखी एक श्रेय द्यायला हवं: स्त्रियाही कवी होऊ शकतात, कारण काव्याचा संस्कार आत्म्याचा असतो, स्त्री-पुरुष भेदाचा तिथे संबंध नाही, असं तो साफ म्हणतो. उदाहरणं कोणती देतो? राजकन्या, प्रधानांच्या मुली, गणिका वगैरे. दळणारी बाई नाही. ही नुसती विसरभोळेपणाची बाब असती तर सोडून देता आली असती. पण त्याच्या वर्गीकरणातच तिला जागा नाही, मुद्दा तो आहे. दत्तावसर या शब्दात ‘दत्त’ आहे, म्हणजे दिलेला. कुणीतरी अवसर देतं, चाकरी थांबते, मग रचना सुरू होते. जात्यावरच्या बाईला अवसर कुणी दिलेलाच नाही. तिची रचना कामाआधी नाही, कामानंतर नाही, कामाच्या आत आहे. काम थांबलं की ओवीही थांबते. राजशेखराच्या चार खान्यांत हा पाचवा प्रकार बसत नाही आणि आपल्या ‘वेळ वाचवा’ सल्ल्यांतही बसत नाही.

आता हे नुसतं म्हणून चालणार नाही. संशोधनात ‘कामाच्या आत’ असं लिहिलं की गाईड विचारणारच, दाखवा कुठे? म्हणून रूपाकडे जाऊ.

ज्वारीचं पीठ साठवून ठेवता येत नाही. जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. सोलापुरासारख्या ज्वारीच्या मुलखात त्यामुळे दळण हे आठवड्याचं काम नव्हतं, रोजचं होतं आणि तेही घर उठायच्या आत. जातं जड असेल तर दोघी समोरासमोर बसायच्या. एकाच खुंट्याला दोघींचे हात. मूठमूठ वैरण घालायची आणि फिरवायचं. हात फिरतोय तोवर तोंड मोकळं आणि मन निम्मं मोकळं. या हालचालीत जे रूप तयार झालं ते बघा. ज्ञानेश्वरीची ओवी साडेतीन चरणांची. बायकांची जात्यावरची ओवी बहुतेक वेळा दोन ओळींची, मध्ये एक थांबा असलेली. दोन ओळींत एक चित्र, एक नातं किंवा एक टोमणा पुरा होतो. पुढची ओवी स्वतंत्र. मध्येच मूल रडलं, सासूनं हाक मारली, तर दोन ओळींपलीकडे काहीच वाया जात नाही.

पहिली, दुसरी, तिसरी असं ओव्या मोजत जायची एक रीत आहे, ती आपण ‘लोकसाहित्याचा साचा’ म्हणून उडवून लावतो. मला ती तुटलेला धागा पुन्हा पकडायची सोय वाटते. उठून आलं तरी आपण कितव्या ओवीवर होतो ते आठवतं. गाताना मध्येमध्ये ‘बाई’, ‘ग’ अशी संबोधनं येतात, तीही छापील संग्रहात बऱ्याचदा गळतात. गाणाऱ्या बाईला मात्र तेवढ्या अर्ध्या फेऱ्यात पुढची ओळ जुळवायला उसंत मिळत असणार. हा माझा अंदाज आहे, सिद्धान्त नाही. पण माझ्या फील्डवर्कमध्ये एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. म्हाताऱ्या बायकांना खुर्चीवर बसवून रेकॉर्डर पुढे धरला की त्या अडतात. हातात सूप दिलं, नुसती हालचाल सुरू झाली की ओळी येतात.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून उभं केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर आजच बघा. हजारावर गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या, गाणाऱ्या बाईच्या नावासह आणि गावासह. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय नोंदींची बाजू सांभाळली. आता ‘परी’च्या संकेतस्थळावर त्या ऐकताही येतात. त्याआधी साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या विषयवार लावल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले, इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ केली. या संग्रहांची तुलना हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. मी एवढंच नोंदवते की विषयवार लावलेल्या संग्रहात ओवी ‘आई’, ‘भाऊ’, ‘सासर’ यांबद्दल बोलते. गाणाऱ्या बाईच्या नावाखाली एका बैठकीतल्या ओव्या सलग वाचल्या की ती कुठून कुठे उडी मारते ते दिसतं. त्या उड्यांमध्ये रचना आहे. जे तुकडे वाटतात ते एका पहाटेचे असतात.

जनाबाईकडे परत येऊ. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी कामाला राहिली. तिच्या नावावरचे अभंग नामदेवांच्या गाथेतून आपल्यापर्यंत आले, त्यातले कोणते तिचे आणि कोणते मागाहूनचे हा वाद आहे, तो इथे नको. पंढरपूरजवळ गोपाळपूरला वारकऱ्यांना आजही तिचं जातं दाखवतात. तिच्याबद्दलच्या आख्यायिका आठवा: विठ्ठल येऊन तिच्यासोबत दळतो, शेण्या वेचू लागतो, पाणी भरतो. आपण या कथा भक्तीचा कळस म्हणून शिकवतो. ते खरंच आहे. पण जरा मागणीच्या बाजूने वाचा. सर्वशक्तिमान देव भेटलाय आणि त्याच्याकडून काय मिळतंय? कामात वाटा. खुंट्याला दुसरा हात. मोक्षाआधी उसंत. मराठी कवितेत ‘मला वेळ द्या’ ही मागणी इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे आली असेल, मला आठवत नाही. व्हर्जिनिया वुल्फनं १९२८ साली केंब्रिजच्या मुलींपुढे व्याख्यानं दिली, पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं: लिहायचं तर बाईला स्वतःची खोली हवी आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत. जनाबाईच्या कथेत खोली नाही, पैसे नाहीत, म्हणून देवालाच दळायला बसवलंय.

वुल्फनं त्याच पुस्तकात आणखी एक सुचवलंय, त्याकडे कमी लक्ष जातं. बायकांच्या लेखनात व्यत्यय कायमच येणार, तेव्हा त्यांची पुस्तकं अधिक आटोपशीर, सलग तासांवर अवलंबून नसलेली असावीत असा तिचा सूर आहे. ऑड्री लॉर्डनं १९८०च्या सुमारास हेच वर्गाच्या अंगानं मांडलं: सगळ्या कलांत कविता सर्वात काटकसरीची, ती दोन पाळ्यांच्या मध्ये, प्रवासात, मिळेल त्या चिटोऱ्यावर होते, कादंबरीला खोली, टाइपरायटर आणि सलग वेळ लागतो. आपली दोन ओळींची ओवी या विधानाला भक्कम पुरावा देते. ओवीला चिटोरंही लागत नाही.

पण थांबा. इथे घाई करू नका, कारण याच वळणावर बरेच प्रबंध घसरतात. ‘कमी वेळ म्हणजे छोटं रूप’ हा नियम म्हणून मांडलात तर व्हायव्हाला एकच नाव पुरेल: अण्णाभाऊ साठे. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या या माणसानं तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. खोली नाही, पाचशे पौंड तर नाहीतच. मग नियम मोडला का? मला वाटतं, नियमात सुधारणा करावी लागते. वेळ किती होता यापेक्षा तो कोणत्या जातीचा होता, कोण तोडू शकत होतं आणि लेखनातून लगेच काही हातात पडणार होतं का, हे विचारायला हवं. अण्णाभाऊंचं लेखन चळवळीच्या गरजेतून आणि पोटाच्या गरजेतूनही आलं. राजशेखराच्या भाषेत ते बरंचसं प्रायोजनिक. दळणाऱ्या बाईचा वेळ मात्र घरातलं कुणीही, कधीही तोडू शकत होतं. नारायण सुर्वे आणखी वेगळे. गिरणीत काम, शाळेत शिपाईगिरी, मग शिक्षकी. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली आलं, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ साली. पाळी संपते, भोंगा होतो आणि मग रात्र आपली. झाक रान्सिएरचं १९८१चं पुस्तक एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कामगारांच्या अशाच रात्रींवर आहे: झोपेचे तास चोरून ते कविता आणि नियतकालिकं लिहीत होते. रान्सिएरचं म्हणणं असं की ही चोरीच बंड होती. कामगारानं रात्री झोपायचं असतं, म्हणजे सकाळी पुन्हा कामाला येता येतं. मजुरानं कविता करणं म्हणजे आपल्याला नेमून दिलेला वेळ नाकारणं.

मला रान्सिएर फार आवडतो, पण तो जसाच्या तसा सोलापूरला लावता येत नाही. गिरणी कामगाराची रात्र त्याची होती, कारण भाकरी कुणीतरी आधीच थापून ठेवली होती. त्या कुणाचीतरी रात्र कुठे गेली, हे त्याच्या पुस्तकातून मला कळत नाही.

बहिणाबाई चौधरींची गोष्ट इथे घ्यावीच लागते. १८८० ते १९५१ हे त्यांचं आयुष्य, गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. ‘निरक्षर असूनही’ हे शब्द त्यांच्यावरच्या लेखांत इतके आलेत की त्यातलं ‘असूनही’ आपल्याला टोचतच नाही. त्यातून चमत्कार तयार होतो आणि चमत्कार झाला की अभ्यास थांबतो. माझा आक्षेप एवढाच: खानदेशात जात्याला घरोट म्हणतात, शेत आणि घरोट यांच्यामध्ये रचणाऱ्या बाया एकट्या बहिणाबाई नव्हत्या. एक लाख ओव्यांचा साठा तेच सांगतो. बहिणाबाईंचं वेगळेपण त्यांच्या प्रतिभेत आहेच, पण त्यांची गाणी उरली कारण घरात सोपानदेवांसारखा कवी मुलगा होता, कागद होता आणि उतरवून घ्यायला कुणाचातरी वेळ होता. रचनेला लागणारा वेळ आणि नोंदीला लागणारा वेळ हे दोन वेगळे वेळ आहेत. पहिला बाईनं कामाच्या आत मिळवला. दुसरा तिला कुणीतरी द्यावा लागतो. दत्तावसर शब्द खरा लागू पडतो तो इथे.

मग पिठाची गिरणी आली. पहाटेचे तास सुटले. बायकांचे हात वाचले याबद्दल हळहळ वाटून घेणारे लेख मला वाचवत नाहीत. ज्यानं एकदाही जातं ओढलेलं नाही त्यानं ‘जात्याबरोबर ओवी गेली’ म्हणून उसासा टाकू नये. प्रश्न पुढचा आहे: सुटलेला वेळ कुठे गेला? सोलापुरात त्याचं एक उत्तर विडी आहे. पूर्व भागात घराघरांत बायका विड्या वळतात, मजुरी हजारावर ठरते. विडीतही हात चालतो आणि तोंड मोकळं असतं. पण जातं ताल देतं, विडी मोजणी मागते. मोजणीत अडकलेल्या मनाला ओवी सुचते का? यातल्या कितीतरी बायकांची घरची भाषा तेलुगू. त्या वळताना काही म्हणतात का, कोणत्या भाषेत म्हणतात, की आता टीव्हीच बोलतो? मराठी विभागाच्या विद्यार्थ्यानं तेलुगू समजणाऱ्या मित्राला सोबत घेऊन हे करावं, अशी माझी फार इच्छा आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर थोडकंच. फेलोशिप म्हणजे वुल्फचे पाचशे पौंड. जेआरएफ २०२३पासून महिना ३७,००० झाली. बार्टी, सारथी, महाज्योती आहेत. त्या वेळेवर मागा, त्यात लाज नाही, तो लेखनाचा वेळ आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएच.डी.ला महिलांसाठी दोन वर्षांची जादा मुदत आहे. व्यवस्थेनंही मान्य केलंय की वेळ सगळ्यांचा सारखा नसतो. तासिका तत्त्वावर असाल तर तुमचा तास अक्षरशः विकला गेलाय, तिथून कादंबरीची अपेक्षा ठेवून स्वतःला दोष देत बसू नका. आधी एक आठवडाभर बघा, तुमचा वेळ कोण तोडतं आणि किती वेळाने. बारा मिनिटांनी तुटत असेल तर बारा मिनिटांत पुरं होणारं रूप घ्या: दोन ओळी, एक नोंद, एक संवाद. हात गुंतलेला आणि मन मोकळं असणारी कामं तुमच्याही दिवसात आहेत. भांडी, गाडी चालवणं, टाइपसेटिंग. त्यात सुचलेलं तोंडी ठेवायला शिका, फोनवर बोलून ठेवा. आणि पहाटे पाचला उठणं जमत नसेल तर नका उठू. पहाटे उठणाऱ्या त्या बायकांना कुणी विचारलं असतं तर बहुतेकींनी झोपच मागितली असती.

फील्डवर्कला निघणाऱ्यांसाठी एक शेवटचं. प्रश्नावलीत नाव, गाव, वय, जात, शिक्षण हे रकाने असतातच. त्याखाली आणखी एक रकाना आखा आणि ओवी विचारायच्या आधी तो भरा: किती वाजता उठायचात, किती माणसांचं दळण होतं, समोर कोण बसायचं, मूल कुठे निजवलेलं असायचं, आणि मध्येच हाक आली की कुठली ओवी अर्धी राहायची.